प्रणालीच्या घरचा डबा

आधीच सांगून राहिली, मले राग लवकर येते अन् लवकर जात नाही. माहा नवरा श्रावण म्हणते, "सुभद्रे, झेंडूच्या भावावरून चिडते तं चिड, पण गल्लीच्या भानगडीत कावून पडते?" आता भानगड गल्लीतली असली तरी पोरगी तं माही होती न बाप्पा! माह्याच पोटची करिश्मा, चौथीत शिकते, त्या दिवशी संध्याकाळी उड्या मारत घरात आली, टिपऱ्या पलंगावर फेकल्या अन् म्हणे, "मम्मी, आज खिरापत कॅन्सल!"

भुलाबाईचे दिवस होते. आमी अमरावतीत राहतो, भातकुलीच्या रस्त्याच्या अंगाले. आमच्या गल्लीत भुलाबाई बसते ती भागीरथाकाकूच्या ओसरीत, ज्वारीच्या धांड्याच्या मखरात, बाजूले भुलोजी. महिनाभर रोज सांजच्याला पोरी जमतात, टाळ्या-टिपऱ्यावर गाणी म्हणतात, अन् मग ज्या घरचा नंबर असन त्या घरी जातात. तिथं आणखी दोन गाणी, अन् मग खिरापत. खिरापत फुकट नाही भेटत. घरची बाई झाकणाचा डबा घेऊन येते, पोरीइच्या कानाशी वाजवते, अन् आवाजावरून ओळखायचं का आत काय हाय. सरसर वाजलं तं चिवडा, धपधप वाजलं तं लाडू, वाजलंच नाही तं शिरा समजायचा. ओळखलं का पोरी नाचतात. नाही ओळखलं का डबेवाली नाचते.

"कॅन्सल कावून? आज कोणाचा नंबर होता?" मी विचारलं. फुलाचं दुकान हाय माहं, उद्याच्या माळा गुंफून राहिली होती मी. नवरात्र चालू, हात थांबवायले सवड नव्हती.

"प्रणालीचा."

"मग?"

"आमी गेलोच नाही. तिचा बाप बेवडा हाय न."

दूध नासलं म्हणून सांगावं तितक्या सहज सांगतलं पोरीनं. माही तळपायाची आग मस्तकात गेली. सुई झेंडूत तशीच ठेवली.

"कोणं सांगतलं तुले?"

"सगळ्याइलेच माहीत हाय. डोळे पायले का समजते. भगवंतराव आजोबा म्हणतात, माणूस पायल्याबरोबर ओळखता आला पायजे."

हे भगवंतराव म्हणजे भागीरथाकाकूचे यजमान. रिटायर मास्तर. दारात काळा फळा टांगला हाय, त्याच्यावर रोज सकाळी खडूनं सुविचार लिहितात. अक्षर मोत्यासारखं, ते नाकारत नाही मी. पण "आपण एका नजरेत माणूस ओळखतो" हे त्यायचं पालुपद. सांजच्याला फाटकापाशी खुर्ची टाकून बसतात, भवताल गल्लीतले पोट्टे-पोट्टी, अन् रस्त्यानं जाणाऱ्या माणसावर शिकवणी चालते. हा पाय, चप्पल घासत चालते, आळशी असन. ही पाय, पिशवी छातीशी धरते, कंजूष असन. पोट्टे खिदळतात. त्याइले तो खेळ वाटते. अन् आमी मोठी माणसं काय करतो? त्या फाटकासमोरून जाताना पाय सरळ टाकतो, म्हणजे आपल्यावर शिकवणी नको. एकानंही आजवर म्हणलं नाही का मास्तर, हे काय शिकवून राहिले पोराइले?

प्रणालीचं बिऱ्हाड आमच्या गल्लीत आलं ते पोळ्याच्या सुमाराले, अकोटहून. बाप किशोर, माय गीतांजली अन् ही एक पोरगी. सामानाचा टेम्पो पुढं, अन् गल्ली अरुंद म्हणून किशोर मागून चालत येऊन राहिला होता. त्याच्या मागं भगवंतरावाची स्कूटर. भगवंतरावानं हॉर्न वाजवला. माणूस बाजूले होईना. पुन्हा वाजवला. तो आपला रस्त्याच्या मधातून मजेत चालून राहिला. शेवटी स्कूटरचं हँडल त्याच्या कोपराले लागलं तेव्हा तो दचकून फिरला. डोळे लालबुंद. अन् हसून, हात जोडून, गल्लीच्या या टोकाचं त्या टोकाले ऐकू जाईन अशा आवाजात म्हणे, "माफ करा साहेब!"

झालं! एका नजरेत निकाल लागला. भरदुपारी पेऊन टाईट माणूस.

मग काय, एकदा शिक्का बसल्यावर सगळंच त्या शिक्क्याले जुळत गेलं. सांजच्याला त्या घरातून मोठमोठ्यानं आवाज यायचे. "पाणी आण!" "भाकर वाढ!" तिकून गीतांजली त्याच्याहून मोठ्यानं उत्तर द्यायची. गल्ली म्हणे, पाय, रोजचं भांडण. बिऱ्हाड येऊन दोन दिवस झाले नसन तं मास्तरच्या फळ्यावर सुविचार आला, 'मृदू वाणी हाच सज्जनाचा दागिना.' येता-जाता लोक वाचत अन् किशोरच्या घराकडं पाहून हसत. अन् पोट्टे तं काय, माकडाच्या हाती कोलीत! तो कामावरून यायले लागला का फाटकावर चढून ओरडायचे, "बेवडा आला रे, बेवडा!" त्यावर तो माणूस काय करे? हात वर करे अन् हसे. "पायलं?" पोट्टे म्हणत. "शिव्या खाऊन हसते. पेलेलाच हसते असा."

अन् माही करिश्माही त्या फाटकावरच्या पोट्ट्याइत होती. माळ तिच्या मांडीवर फेकली मी अन् उठली.

भागीरथाकाकू ओसरीत भुलाबाईसमोरचं निरांजन सारखं करून राहिल्या होत्या.

"काकू, पोरी प्रणालीकडं कावून नाही गेल्या?"

"ये बाई, बस," काकू म्हणे. "तूच सांग, दुसऱ्याच्या पोरीइची जिम्मेदारी माह्यावर. त्या घरात कशा पाठवू? माणूस कोणत्या टायमाले कसा असन, भरवसा हाय काय?"

"तुमी पायलं काय कधी त्याले पेताना?"

"पाहाले कशाले पायजे? यायनं पहिल्याच दिवशी ओळखलं."

भगवंतरावानं खुर्चीतून पेपर खाली केला. "सुभद्रा, अख्खा जन्म पोरं शिकवण्यात गेला माहा. डोळे खोटं बोलत नाहीत."

"डोळे आले असन त्याचे! अन् चाला, धरून चालू का पेते. रोज पेते. मग? बाप पेते म्हणून पोरीच्या घरचा डबा बाटला काय? पोरगी काय बाटली आणून देते त्याले? अवो, ज्या पोरीच्या घरी खरंच तरास असन, तिच्या दारात तं चार जणीनं आधी जायले पायजे! तुमी तिच्याच दाराले कडी लावली. अन् वरून भुलाबाईच्या नावानं!"

"तू लय तोंडाळ हाय सुभद्रा," काकू म्हणे.

"हाव, हाय," म्हणलं अन् निघाली.

निघाली ते सरळ प्रणालीच्या घराकडं. अन् मधातच मले आठवलं का गीतांजली सकाळी माह्या दुकानावर आली होती. पावशेर झेंडू घेतला, अन् वरून म्हणे, "वैनी, लहान-लहान फुलं निवडून द्या, तोरण करतो. आज आमच्याकडं पोरी येणार हायत." इतकं खुशीत बोलली होती ती. मीच लहान फुलं निवडून दिली होती.

ते तोरण दाराले होतं. दारात रांगोळी, तिच्यावर एकही पाय पडला नव्हता. आत सतरंजी अंथरलेली, कुठंच सुरकुती नाही. अन् सतरंजीच्या मधात प्रणाली बसली होती, नवा फ्रॉक घालून, मांडीवर स्टीलचा डबा, त्याच्यावर दोन्ही हात. मले पाहून ती चटकन उठली.

"काकू, पोरी कुठवर आल्या?"

माह्या जिभेले हाड नाही, सारी गल्ली सांगन. पण त्या वेळी मी आधी पोरीच्या मायकडं पायलं. चुलीपाशी गीतांजली उभी होती. तिले समजलं होतं. मायले समजते. ती माह्याकडं पाहू लागली, अन् तिच्या नजरेत इतकंच होतं का वैनी, पोरीले आता काही सांगू नका.

"येऊनच राहिल्या," मी म्हणलं. "आज गाणी लांबली. झाकण घट्ट लाव, वास गेला तं ओळखतीन."

घरी येऊन करिश्माचं मनगट धरलं, म्हणलं, चाल प्रणालीकडं.

"मम्मी, मले भेव वाटते त्याइच्या घरी."

"वाटू दे. मी हाय संगं. तू त्याच्याशी एक शब्द तरी बोलली काय कधी?"

"नाही."

"मग भेव कशाचं वाटते? दुसऱ्यानं सांगतलेलं भेव हाय ते."

अन् सुरू केली मी घरोघर वरात. कडी वाजवायची अन् म्हणायचं, पोरगी पाठवा. एकीनं म्हणलं, अभ्यास हाय. टी.व्ही. चालू होता मागं! दुसरीनं म्हणलं, "आमचे हे रागावतीन, उगीच आ बैल मुझे मार." मग मीही कंबरेले पदर खोचला. म्हणलं, "ठीक हाय. उद्यापासून घटाची माळ भगवंतरावाच्या नजरेतून काढून घ्या. माह्या दुकानातून भेटणार नाही." नवरात्रात फुलवालीशी वैर कोणी घेते काय? दोन-तीन दारं बंद ती बंदच राहिली, पण बाकीच्या पोरी आल्या, चेहरे पाडून, एकमेकीचे हात धरून. मले लाज वाटली त्याची. भुलाबाईची खिरापत खायले पोरीइले असं हाकलत न्यावं लागावं!

प्रणालीनं आमाले पायलं अन् मायकडं पळत गेली. "आल्या! म्हणलं नव्हतं मी!"

पोरी सतरंजीच्या काठाले बसल्या, दाराजवळ, पळायले सोपं. गाणं सुरू केलं पण आवाज घशातल्या घशात. टिपऱ्या एकमेकीले लागतही नव्हत्या. अन् तेवढ्यात आतल्या खोलीतून किशोर बाहेर आला. उंच, रुंद माणूस, ओले केस, डोळे इंगळावानी लाल.

"या व माय, या!" तो गरजला. खरंच गरजला, भिंतीवरचं कॅलेंडर हाललं असन. "बसा! घर तुमचंच हाय!"

गाणं बंद. सगळ्यात लहान पोरगी माह्या लुगड्याच्या मागं लपली. खोटं कावून बोलू, मीही मुद्दाम त्याच्या बाजूनं पाणी प्यायले उठली अन् नाक उघडं ठेवलं. वास आला तो अंगाच्या साबणाचा. दुसरा कसलाच नाही.

गाणी कशीबशी आटपली. गीतांजली डबा वाजवायले उठली तं किशोरनं हात पुढं केला. "आण, मी वाजवतो. माह्या पोरीचा गल्लीतला पहिला डबा हाय!"

त्यानं डबा दोन्ही हातात धरला अन् असा वाजवला, असा वाजवला का खोलीत दुसरं काही ऐकू येईना. खडखडखडखड! पोरीइनं कानावर हात घेतले. तो थांबला. पोरीइच्या तोंडाकडं पाहू लागला. कोणीच बोललं नाही, भेवानं सगळ्या गारठल्या होत्या. त्यानं पुन्हा वाजवला, आणखी जोरात. पुन्हा सगळ्याइची तोंडं पायली, एकेकीचं. कोणाचे ओठ हालत नव्हते. मग त्याचा चेहरा उतरला. त्यानं डबा आपल्याच कानापाशी नेला, हळूच हालवला, अन् प्रणालीकडं पाहून म्हणे,

"वाजलं काय व?"

त्या खोलीत इतकी शांतता झाली का बाहेरच्या नळाचं पाणी ऐकू आलं. त्याले तेही आलं नसन.

प्रणाली उठली. बापाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, तोंड त्याच्या तोंडासमोर आणून, ओठ मोठे करून म्हणे, "वाजलं बाबा. लय वाजलं."

"मग या बोलत कावून नाहीत?"

गीतांजलीनं पदरानं हात पुसले. आमच्याकडं पाहून, हळू आवाजात बोलली, अन् तिचा हळू आवाज त्या दिवशी गल्लीनं पहिल्यांदा ऐकला. "कापसाच्या जिनिंगमधे फिटर हायत. मिसरूड फुटायच्या आधीपासून मशीनच्या बाजूले उभे. कान हळूहळू गेले, यायलेही समजलं नाही. आपलं बोलणं आपल्याले ऐकू येत नाही न, मग जोरात बोलतात. इथल्या जिनिंगले आता सीझन तोंडावर आला, आमी बिऱ्हाड आणायच्या आधीपासून मशीनीचं वेल्डिंग चालू हाय, तं डोळ्याची अशी आग होते का पाहावत नाही. कानाचं मशीन घेतलं, पण ते लावलं का कारखान्याचा सगळा खडखडाट डोक्यात घुसते म्हणतात, म्हणून पेटीत ठेवून देलं."

"अवो, मग सांगाले काय झालं होतं कोणाले?" मी म्हणलं.

"कोणाले सांगू वैनी? दारात कोणी आलंच नाही."

थू आमच्या जिंदगानीवर! कापसाच्या मुलखात राहणारे आमी. सगळ्याइच्या घरी कापसाच्या गाद्या, देवापुढं कापसाची वात. तो कापूस साफ होताना कोणाचे कान जातात हे त्या अख्ख्या गल्लीत एका शहाण्याले सुचलं नाही. हॉर्न ऐकू आला नाही म्हणजे दारू पेला. जोरात बोलला म्हणजे दारू पेला. हसला तरी दारू पेला! माणसाले ऐकू येत नसन, इतकी साधी गोष्ट डोक्यात यायले किती अक्कल लागते?

करिश्मा माह्या बाजूले बसली होती. ती उठली, प्रणालीजवळ जाऊन उभी राहिली, किशोरच्या समोर, अन् तोंड मोठं करून म्हणे, "फुटाणे!"

किशोरनं तिच्या ओठाकडं पायलं अन् मान हालवली. नाही!

मग बाकीच्या उठल्या. "शेंगदाणे!" नाही. "साखरफुटाणे!" नाही. "बत्तासे!" नाही! सगळ्या त्याच्यासमोर गर्दी करून, तोंडं वेडीवाकडी करून ओरडू लागल्या, अन् तो एकेकीचे ओठ वाचू वाचू मान हालवे अन् हसे. कोणालेच नाही आलं. प्रणालीनं झाकण काढलं. शंकरपाळे! खरपूस तळलेले, दगडावानी कडक. अन् ती नाचली. डबेवाली नाचते न, तशी डबा डोक्यावर घेऊन, फ्रॉकचा घेर उडवत नाचली.

इथंच थांबलं असतं तं बरं झालं असतं. पोरी शंकरपाळे खायले बसल्या अन् किशोर माह्याकडं फिरून म्हणे, "वैनी, तुमची गल्ली लय मायाळू हाय. अकोटले कोणी वळून पायत नव्हतं. इथं सारे पोट्टे मले रोज हाक मारतात. फाटकावर चढून मारतात! मले ऐकू नाही येत, लांबून ओठही नाही समजत, पण तोंडं दिसतात न. मीही रोज हात करतो." मग प्रणालीले म्हणे, "काय म्हणतात व ते मले?"

एका एका पोरीचा घास तोंडात थांबला. करिश्मानं मान खाली घातली. गीतांजली चुलीकडं तोंड करून उभी राहिली.

प्रणालीनं आमच्यापैकी कोणाकडंच पायलं नाही. बापाच्या समोर गेली, ओठ मोठे केले.

"मामा म्हणतात, बाबा."

"मले वाटलंच," तो म्हणे, अन् खुशीत आणखी एक मूठ शंकरपाळे करिश्माच्या हातात टाकले.

घरी येताना करिश्मा रडली. हुंदके देऊन रडली. मी नाही तिले जवळ घेतलं. रडू दे म्हणलं. थोडी पुढं गेल्यावर इतकंच सांगतलं, "ती पोरगी रोज तुमच्या संगं टिपऱ्या खेळते. रोज तुमचं ते ओरडणं तिच्या कानावर पडे. अन् आज बापानं विचारल्यावर तिनं तुमाले वाचवलं. तिनं खरं सांगतलं असतं तं काय तोंड दाखवलं असतं तू?"

पोरीले बोलली, पण माहा राग पोरीवर कमी होता. पोर काय, जसं वळवावं तसं वळते. ज्यानं वळवलं त्याच्या फाटकाशी मी थांबली. फळ्यावर खडूच्या मोत्यासारख्या अक्षरात तोच दागिना आज पुन्हा लिहिला होता. सणावारात नवा सुचला नसन, नाहीतं हाच लय आवडला असन. मी पदर हातात घेतला अन् पुसून टाकला. अर्धा पुसला तं भगवंतराव बाहेर आले.

"हे काय करते सुभद्रा?"

"मास्तर, तो माणूस बहिरा हाय. जिनिंगच्या मशीनीनं कान गेले त्याचे. दारूचा थेंब नाही त्या घरात."

त्यायनं अर्ध्या पुसलेल्या फळ्याकडं पायलं. मग म्हणे, "अस्सं? पण मले कसं समजणार? दिसत तं तसंच होतं न."

हे ऐकून मी जे पेटली! "विचारून समजते मास्तर! दारात जाऊन, कुठून आले, काय काम करता, इतकं विचाराले पैसे पडत होते काय? तुमची एक नजर अन् एका माणसाचं नाव बेवडा! दुकान बंद करा हे. तुमच्या पायापाशी बसून माही पोरगी काय शिकली मालूम हाय? तुमाले आजोबा म्हणते ती. तुमी सांगाल ते खरं वाटते तिले. म्हणून तं जास्त राग येऊन राहिला मले!"

भागीरथाकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "हळू बोल बाई, लोक ऐकतात."

"ऐकू द्या! ज्याइले ऐकू येते त्याइनं तरी ऐकावं!"

भगवंतराव आत गेले. माफी मागाची सोय त्यायच्या शाळेत नसन.

दुसऱ्या दिवशी सांजच्याला मी दुकानावरून लवकर आली. फाटकापाशी खुर्ची होती, पण रिकामी. फळा कोरा. पोट्टे मात्र नेहमीसारखे फाटकावर लटकले होते, त्याइले कोणी काही सांगतलं नव्हतं. मोठ्याइले पोराइसमोर चुकलो म्हणाले जीभ वळत नाही न. वळणावरून किशोर येताना दिसला, डबा हातात, रस्त्याच्या मधातून. एका पोट्ट्यानं सवयीनं तोंडाजवळ हात नेले. "बे..."

"चूप बे!" करिश्मा ओरडली. फाटकावरून उडी मारली अन् पळत रस्त्याच्या मधात जाऊन उभी राहिली, किशोरच्या पुढ्यात, तो थांबेपर्यंत. मान वर केली, अन् जितकं उघडता येईन तितकं तोंड उघडून म्हणे,

"मा-मा!"

किशोरनं हात वर केला अन् हसला.

तोच हात. तेच हसणं. रोज 'बेवडा' म्हणल्यावर जसा हसे, अगदी तसाच हसला अन् पुढं गेला. करिश्मा परत आली ते पडक्या चेहऱ्यानं. तिले वाटलं असन, आता काहीतरी येगळं होईन.

"मम्मी, त्याइले काही फरकच नाही समजला."

मी तिची हनुवटी धरून तोंड त्या घराकडं फिरवलं. तोरणाची फुलं सुकली होती, अन् त्याच्याखाली, दाराची चौकट धरून, प्रणाली उभी होती. तिले ऐकू येते.